नोझल सारखा तुंबायचा, त्यावर लागू पडलेला उपाय

सुपरक्रिटिकल, म्हणजे वायू आणि द्रव या दोन्हींचे गुण असलेल्या अवस्थेतल्या, कार्बन डायऑक्साइडमध्ये बेंझोइक आम्ल दाबाच्या पात्रात विरघळवायचं आणि बारीक नोझलमधून एकदम बाहेर सोडायचं. दाब कोसळताच विद्राव्यता संपते आणि अगदी बारीक पूड पडते. 31.1 अंश सेल्सिअस आणि 73.8 बार दाब ओलांडला की कार्बन डायऑक्साइड या अवस्थेत जातो; आम्ही 200 बारवर काम करत होतो. पण फवारा सुरू होऊन थोडा वेळ झाला, की नोझल बंद.

तोंडाशी पांढरा गोळा साचायचा. पूर्ण दाब उतरवून (हे कधीच टाळू नका) तो काढला आणि काचेवर ठेवला. बराचसा भाग पाणी न होता विरून गेला, म्हणजे तो कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड). उरली ती आम्लाची पूड. एका गोळ्यात दोन दुखणी! प्रसरण पावताना वायू इतका थंड होतो की स्वतःच गोठतो. शिवाय नोझलआधीच्या उघड्या नळीत द्रावण गार होऊन आम्ल आतच बसत होतं.

खरं काम केलं ते हीटिंग टेपने (विजेवर तापणाऱ्या पट्टीने). नळी आणि नोझल दोन्हींवर वेगवेगळी टेप गुंडाळली आणि थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) थेट नोझलच्या धातूला टेकवला. पात्राचं तापमान पाहून नोझलचा अंदाज बांधणं अजिबात उपयोगाचं नाही. तापमान फार चढवू नका: बेंझोइक आम्ल 122 अंशांना वितळतं, आणि दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याहूनही आधी.

न विरघळलेले कण अडवायला नोझलआधी सिंटर्ड फिल्टरही (कण तापवून एकत्र जोडलेली सच्छिद्र गाळणी) बसवला. आता फवारा अखंड चालतो.