इंदूरच्या घरावर सौरऊर्जा कशी बसवावी आणि तिचे पैसे कसे उभे करावेत

घरावर सौर पॅनेल बसवावेत असे मनात आले की बहुतेक लोक आधी गच्चीवर जाऊन जागा मोजतात आणि मग ओळखीतल्या एखाद्या विक्रेत्याला फोन लावतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. आधी जुनी वीज बिले काढावीत, मग पैसे कुठून येणार हे ठरवावे आणि गच्चीवर शेवटी चढावे. कारण किती किलोवॉट बसवायचे हे गच्चीच्या लांबीरुंदीवर नव्हे, तर घराला महिन्याला किती युनिट लागतात यावर ठरते. सुदामा नगरातल्या आमच्या घरी ३ किलोवॉटची यंत्रणा बसवताना आम्ही हा क्रम पाळला नाही आणि त्यापायी तीन महिने फुकट गेले. ते कसे, हे पुढे ओघात येईलच.

पहिली पायरी : बारा महिन्यांची बिले

एका महिन्याच्या बिलावरून काहीही ठरवू नये. मे महिन्यात एसी चालतो, जानेवारीत गिझर चालतो आणि ऑक्टोबरात दोन्ही बंद असतात. म्हणून मागच्या १२ बिलांवरचे युनिट एका कागदावर मांडून त्यांची मासिक सरासरी काढावी. १ किलोवॉटची यंत्रणा आपल्या माळव्यात वर्षभराची सरासरी धरता दिवसाला सुमारे ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिटांच्या आसपास वीज देते. मार्च ते मे या काळात ती जास्त मिळते, आषाढ-श्रावणात ढगांमुळे बरीच घटते. घराची सरासरी ३०० युनिट असेल तर ३ किलोवॉट पुरेसे होतात. सरकारच्या मार्गदर्शक कोष्टकातही १५० युनिटांपर्यंत १ ते २ किलोवॉट आणि १५० ते ३०० युनिटांसाठी २ ते ३ किलोवॉट असेच सुचवलेले आहे.

इथे मध्य प्रदेशातल्या घरांसाठी एक खास हिशेब आहे, जो विक्रेते सहसा सांगत नाहीत. महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्या घरांना अटल गृह ज्योती योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. घरात दोनच वृद्ध माणसे आहेत, वापर १२० युनिटांचा आहे आणि बिल मुळातच किरकोळ येते, अशा घराने सौर यंत्रणेवर लाखभर रुपये घातले तर ते वसूल व्हायला फार वर्षे लागतील. अशांनी घाई करू नये. जिथे वापर २५० युनिटांच्या पुढे आहे आणि वरच्या टप्प्याचा दर लागतो, तिथेच हा व्यवहार खरा फायद्याचा ठरतो.

बिल शून्य होईल या आश्वासनावरही विसंबू नये. वापरापेक्षा जास्त वीज तयार झाली तरी स्थिर आकार आणि त्यासोबतची काही रक्कम बिलावर राहतेच.

दुसरी पायरी : बिलावरचे नाव

आमचे तीन महिने गेले ते इथे. घराचे वीज जोडणीचे कागद अजून दिवंगत वडिलांच्या नावावर होते, आणि हे आमच्या लक्षात आले ते विक्रेत्याला आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर. अर्ज ज्याच्या नावाने वीज जोडणी आहे त्याच्याच नावाने होतो, आणि अनुदान जमा होणाऱ्या बँक खात्यावरचे नाव त्याच्याशी जुळावे लागते. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतल्या जुन्या मराठी घरांत मीटर आजोबांच्या नावावर, घरपट्टी काकांच्या नावावर आणि राहणारा तिसराच, हे चित्र काही दुर्मीळ नाही. अशा घरात आधी भावंडांनी एकत्र बसून गच्चीचा वापर कोण करणार हे लेखी ठरवावे, मृत्यू दाखला आणि वारसांची संमती जोडून वीज कंपनीच्या आपल्या विभागातल्या झोन कार्यालयात नावबदलाचा अर्ज द्यावा, आणि नवे नाव छापलेले बिल हातात आल्यावरच पुढे जावे.

तिसरी पायरी : पैशांचा विचार

केंद्र सरकारची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या २ किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे; म्हणजे ३ किलोवॉटला ७८,००० रुपये, आणि त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी अनुदान तेवढेच. ५ किलोवॉटची शिफारस करणाऱ्याला म्हणूनच विचारावे की वरच्या २ किलोवॉटांचा पूर्ण खर्च आमच्या खिशातून जाणार आहे, तर तेवढा वापर आमचा आहे का?

हे अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर, बसल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय करावी लागते. उदाहरणादाखल ३ किलोवॉटची यंत्रणा १,८०,००० रुपयांना पडली असे धरू. अनुदान वजा जाता घराचा खरा खर्च १,०२,००० रुपये. बिल महिन्याला सरासरी २,००० रुपयांनी उतरले, तर ही रक्कम ५१ महिन्यांत, म्हणजे सव्वाचार वर्षांत वसूल होते. पॅनेलांच्या उत्पादनाची हमी साधारणपणे २५ वर्षांची असते, तेव्हा पुढचा काळ बराच मोठा उरतो. मात्र पॅनेलांची वीज घरातल्या उपकरणांना चालेल अशी करणारा इन्व्हर्टर मधल्या काळात एकदा बदलावा लागेल, हे धरून चालावे.

स्वतःजवळ शिल्लक असेल तर तीच वापरणे सर्वांत स्वस्त. मुदत ठेवीतल्या १,०२,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७,१४० रुपये व्याज मिळेल आणि त्यावर कर लागू शकतो. बिलातली बचत २४,००० रुपयांची आणि तिच्यावर कर नाही. तरीही निवृत्त माणसाने आपली एकुलती ठेव मोडून पॅनेल बसवावेत असे आम्ही म्हणणार नाही, कारण दवाखान्याच्या वेळी गच्चीवरचे पॅनेल विकता येत नाहीत. अशा वेळी ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घेता येते. त्याचा व्याजदर ठेवीच्या दरापेक्षा थोडाच जास्त असतो, आणि अनुदान आले की त्यातला मोठा भाग लगेच फेडता येतो. आमच्या शेजारच्या एका काकूंनी हाच मार्ग धरला, आणि आज पुन्हा विचारले तर आम्हीही तोच धरू.

नोकरदार कुटुंबासाठी सरकारी बँकांचे सूर्यघर कर्ज हा दुसरा चांगला मार्ग आहे. ३ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेसाठी २ लाख रुपयांपर्यंतचे हे कर्ज तारणाशिवाय मिळते आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराहून, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याहून, अर्धा टक्का जास्त ठेवलेला आहे. योजना सुरू झाली तेव्हा तो ७ टक्क्यांच्या आसपास होता. साधारण १० टक्के रक्कम आपण भरायची असते. वरच्या उदाहरणात १८,००० रुपये आपले आणि १,६२,००० रुपये बँकेचे. अनुदानाचे ७८,००० रुपये कर्जात जमा झाले की ८४,००० रुपये उरतात. ७ टक्क्यांनी ते ५ वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे १,६६३ रुपये आणि एकूण व्याज १५,८०० रुपयांच्या आसपास. १० वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ९७५ रुपयांवर येतो, पण व्याज ३३,००० रुपयांवर जाते. दोन्ही हप्ते २,००० रुपयांच्या बचतीच्या आत बसतात, म्हणून आम्ही छोटी मुदत निवडायला सांगू. हप्ता बिलातल्या बचतीपेक्षा मोठा होत असेल, तर एकतर यंत्रणा गरजेपेक्षा मोठी आहे किंवा कर्ज महाग आहे.

कर्ज काढून सौरऊर्जा घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आपल्या इंदूर महानगरपालिकेनेही तेच केले आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून नदीचे पाणी शहरापर्यंत चढवणाऱ्या पंपांचा वीजखर्च कमी करण्यासाठी तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, लोकांना विकले आणि त्या पैशांतून ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. हिशेब तोच, शून्ये तेवढी वाढली.

विक्रेता स्वतः देऊ करतो तो बिनव्याजी हप्ता मात्र तपासून घ्यावा. रोख किंमत आणि हप्त्यांची एकूण किंमत ही दोन्ही त्याच्याकडून लेखी मागावीत. फरक दिसला तर तेच व्याज. एक पैसाही न घालता गच्ची कंपनीला द्यायची आणि तिने बसवलेल्या पॅनेलांची वीज ठरलेल्या दराने विकत घ्यायची, असाही एक प्रकार आहे. ज्यांना कर्ज मिळत नाही त्यांना तो उपयोगी पडू शकेल, पण घर विकले किंवा वरचा मजला चढवायचा झाला तर कराराचे काय, हे सही करण्याआधी वाचावे.

मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. तिथली गच्ची सामाईक असते, म्हणून लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी सोसायटीने एकत्र यंत्रणा बसवावी; तिला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळते.

चौथी पायरी : आता गच्ची

१ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेलांचे तोंड दक्षिणेला आणि उतार २० ते २५ अंशांचा असावा. जागेपेक्षा सावली अधिक महत्त्वाची, कारण एकाच तारेत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तरी सगळ्या रांगेचे उत्पादन घसरू शकते. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्याने जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि गच्चीवर सावली जवळजवळ दिसतच नाही. विक्रेता उन्हाळ्यात पाहणी करून गेला की फसगत होते ती इथे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही पाण्याच्या टाकीची सावली साधारण टाकीच्या उंचीइतकी लांब पडते, आणि सकाळी नऊला तर कितीतरी लांब. म्हणून टाकी, जिन्याची खोली, शेजारचा वाढता मजला आणि झाड यांची हिवाळी सावली कुठे येते, ते खडूने आखून ठेवावे.

घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय जागा पक्की करू नये. कुरडया, पापड, साबुदाण्याच्या पापड्या यांचे वाळवण कुठे जाणार हा प्रश्न नंतर निघतोच. पॅनेलांखालून माणूस चालू शकेल असा उंच सांगाडा करता येतो, पण त्याचा खर्च वेगळा पडतो आणि वळवाच्या वाऱ्यात तो टिकावा म्हणून पाया भक्कम लागतो. त्याखाली सावली असणार, तेव्हा वाळवणाला उघडा कोपरा राखून ठेवावा.

पाचवी पायरी : अर्ज आणि विक्रेता

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी, बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक घालून नोंदणी करावी. इंदूरला वीज कंपनी म्हणून पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी निवडावी. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीविना मंजुरी मिळाली असे आता नियमानेच मानले जाते, त्यामुळे ही पायरी पूर्वीइतकी रेंगाळत नाही. त्यानंतर पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी किमान तिघांकडून दरपत्रक घ्यावे. नोंद नसलेल्याकडून काम करून घेतले तर अनुदान मिळत नाही.

दरपत्रकात पॅनेलांचा आणि इन्व्हर्टरचा मेक, प्रत्येक पॅनेलचे वॉट, सांगाड्याची उंची, अर्थिंग, आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक, नेट मीटरचा खर्च आणि कर हे सगळे वेगवेगळे लिहिलेले असावे. सौर उपकरणांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराचा कागद पुढे केला गेल्यास तो परत करावा. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. ते तसे आहेत असे बिलावर लिहून घ्यावे आणि पॅनेलांचे अनुक्रमांक आपल्यासमोर जुळवावेत. करारात ५ वर्षांच्या देखभालीचा उल्लेख हवा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता नेट मीटर चालू होईपर्यंत हातात ठेवावा, कारण पॅनेल चढल्यावर विक्रेत्याच्या फेऱ्या झपाट्याने कमी होतात.

लाइट गेल्यावर ही यंत्रणाही बंद पडते, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरीची यंत्रणा घेतली तर ही अडचण सुटते, पण खर्च बराच वाढतो आणि बॅटरीला वेगळे अनुदान नाही. इंदुरात वीज फारशी जात नाही, तेव्हा तो खर्च आम्ही टाळला.

सहावी पायरी : नेट मीटर, अनुदान आणि पहिले बिल

काम झाल्यावर वीज कंपनी तपासणी करून दोन्ही दिशांची वीज मोजणारा मीटर बसवते आणि पोर्टलवर यंत्रणा चालू झाल्याचे प्रमाणपत्र येते. त्यानंतर बँक खात्याचा तपशील भरावा. अनुदान साधारण महिनाभरात जमा होते. कर्ज असेल तर ते कर्जखात्यात वळते झाले का हे पाहावे, आणि त्यामुळे हप्ता कमी झाला की मुदत, हे बँकेकडून लेखी घ्यावे.

पॅनेल दर दहा-पंधरा दिवसांनी सकाळी ऊन चढायच्या आत धुवावेत. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून एक दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातल्या दोन बादल्या त्यासाठी राखून ठेवाव्यात.

पहिले बिल आल्यावर बरेच जण विक्रेत्याशी भांडायला निघतात, कारण मोबाइलवर ३४० युनिट तयार झालेले दिसतात आणि बिलावर कंपनीला दिलेले युनिट मात्र २०० च असतात. उरलेले १४० चोरीला गेलेले नसतात. दिवसा पॅनेल वीज बनवत असताना फ्रिज, पंखा, मोटर यांनी ते थेट वापरलेले असतात आणि मीटरपर्यंत ते पोहोचलेलेच नसतात. बिलावर घेतलेले युनिट, दिलेले युनिट आणि पुढच्या महिन्यासाठी शिल्लक राहिलेले युनिट हे तीन आकडे पाहावेत, ते मीटरवरच्या वाचनाशी जुळवावेत, आणि न जुळल्यास मीटरचा फोटो घेऊन त्याच महिन्यात झोन कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.