टोमॅटोला फुलं भरपूर, फळ एकही नाही: माझा अनुभव

बोरिवलीत आमची बाल्कनी सरकत्या काचांनी बंद केलेली. टोमॅटोला फुलांचे घोस यायचे आणि देठाच्या गाठीपाशी पिवळे पडून गळायचे. शेजारच्या काकूंचं एकच, "खत कमी पडतंय गं!" खत भरपूर होतं.

शेवटी एक फूल उघडून पाहिलं. परागकोश (फुलाचा नर भाग, पराग असतात ते) एकमेकांना चिकटून पिवळी नळी झालेली, कुक्षी (मादी भागाचं टोक) तिच्या आतच. नर-मादी एकाच फुलात, दुसऱ्या झाडाची गरजच नाही. पण पराग नळीच्या आत सुटतात, ते कुक्षीवर पडायला फूल हलावं लागतं. बाहेर हे काम वारा करतो, नाहीतर फुलाला लटकून अंग थरथरवणारा भुंगा. मधमाशीला ती थरथर जमत नाही. आमच्याकडे वाराही नाही, भुंगाही नाही.

मग बॅटरीवरचा जुना टूथब्रश काढला. सकाळी दहाच्या सुमारास, दव-ओल सुकल्यावर, तो घोसाच्या देठाला क्षणभर टेकवायचा, फुलाला नव्हे. खाली काळा कागद धरला तर पिवळी धूळ पडताना दिसते. टिचकीही चालते. आठवड्याभरात सुकलेल्या पाकळ्यांतून हिरवे मणी डोकावले.

मुंबईची खरी अडचण हवा. दमटपणात पराग चिकटून बसतात, रात्री फार उकडलं की फळ धरत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये टूथब्रशही फारसं काही करत नाही. डिसेंबर-जानेवारीत फुलं येतील असं रोप लावावं.

मिरची-वांग्यालाही ही थरथर चालते. दुधीला मात्र नाही: तिथे नर-मादी फुलं वेगळी, नरफूल तोडून मादीफुलावर टेकवावं लागतं, तेही संध्याकाळी.