कोड एका रिपोत, चाचणीचा डेटा दुसऱ्या: दोघांची जोडी कशी टिकवावी

जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमधून मजकूर काढणारा प्रोग्रॅम मी टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे लिहिते. कोड एका गिट रिपॉझिटरीत (रिपो, म्हणजे बदलांच्या इतिहासासह फाइली ठेवणारं भांडार) आहे; पानांची चित्रं आणि हाताने तपासलेला मजकूर दुसरीत. चित्रं जड असतात, अशी भांडारं ठेवणारी गिटहब ही साइट १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आणि नुसता कोड वाचणाऱ्याला सगळी पानं का उतरवायला लावायची? खुद्द टेसरॅक्टची चाचणीची चित्रंही वेगळ्या रिपॉझिटरीत आहेत, 'टेस्ट' या फोल्डरात सबमॉड्यूल (एका रिपॉझिटरीत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) म्हणून जोडलेली.

'दऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) घेऊन. पडद्यावर फरक दिसत नाही, पण बाइट वेगळे, म्हणून चाचणीत दोन्ही जुळत नाहीत. प्रोग्रॅमचा निकाल कायम पहिल्या रूपात द्यायचा असं कोडमध्ये ठरवलं, की तपासलेला मजकूरही त्याच रूपात आणावा लागतो. बदल एकच, पण तो दोन रिपॉझिटरींत विभागला जातो.

म्हणून आपल्याबरोबर डेटाचा नेमका कोणता कमिट (गिटमध्ये नोंदवलेली एक स्थिती) चालतो, हे कोडच्या कमिटनेच नोंदवावं. सबमॉड्यूल हेच करतो; कोडच्या बाजूला डेटाच्या फाइली नव्हे, तर त्याच्या कमिटचा हॅश (आशयावरून काढलेला ओळख-क्रमांक) साठवला जातो. सीआयला (प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेला) 'मेनवरचा (मुख्य शाखेवरचा) ताजा डेटा घे' असं सांगू नका. डेटा पुढे सरकला की काल पास झालेला कोड आज फेल होतो, आणि बायसेक्ट करून (जुने कमिट निम्मे-निम्मे तपासत) चूक शोधणं अशक्य होऊन बसतं.

क्रम महत्त्वाचा: आधी डेटा, मग कोड. सबमॉड्यूल अपडेट केल्यावर हेड डिटॅच्ड असतो, म्हणजे आपण कुठल्याच ब्रँचवर (शाखेवर) नसतो, तेव्हा डेटाच्या फोल्डरात आधी ब्रँच चेकआउट करा (तिच्यावर जा), मग बदल, कमिट, पुश (सर्व्हरवर पाठवणं). नंतर बाहेर येऊन कोडमधला बदल आणि सबमॉड्यूलचा नवा हॅश एकाच कमिटमध्ये टाका.

सगळ्यात जास्त घात होतो तो स्क्वॉश मर्जने, म्हणजे ब्रँचवरचे सगळे कमिट एकात गोळा करून मेनमध्ये मिसळण्याने. डेटाचा पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याची विनंती) स्क्वॉश केला की मेनवर नवाच हॅश तयार होतो. कोड मात्र जुन्याकडे बोट दाखवत राहतो, आणि ब्रँच पुसल्यावर तो कमिट कधी गायब होईल याचा भरवसा नाही. त्यामुळे डेटा मेनवर मर्ज होऊ द्या, तिथला हॅश कोडमध्ये घ्या, मगच कोडचा पुल रिक्वेस्ट मर्ज करा. डेटाच्या मेनवर फोर्स पुश (आधीचा इतिहास पुसून लिहिणारा पुश) बंद ठेवा आणि प्रत्येक रिलीजला डेटालाही टॅग (कमिटला दिलेलं कायमचं नाव) लावा.

दोन सेटिंग्ज लगेच करून घ्या. 'पुश डॉट रिकर्स सबमॉड्यूल्स'ला 'चेक' ही किंमत द्या. डेटा सर्व्हरवर पोचला नसेल तर गिट कोडचा पुश अडवतो. 'सबमॉड्यूल डॉट रिकर्स' ट्रू केलं की पुल (सर्व्हरवरून बदल आणणं) आणि चेकआउटबरोबर डेटाही योग्य कमिटवर येतो. तरी बायसेक्टच्या स्क्रिप्टमध्ये पहिली ओळ सबमॉड्यूल अपडेटचीच ठेवावी.

डेटा गिटलाही झेपेनासा झाला, तर फाइली साध्या सर्व्हरवर हलवा आणि प्रत्येकीचा पत्ता व शा-२५६ हॅश कोडच्या रिपॉझिटरीतल्या एका यादीत लिहा. चाचणीआधी स्क्रिप्टने फाइल उतरवून हॅश ताडून बघावा आणि जुळला नाही तर तिथेच थांबावं. सर्व्हरवरची फाइल मात्र जागच्या जागी बदलू नका. नवी आवृत्ती नव्या नावाने चढवा.