गाडीवर बॉम्बे सॅपर्सचं मॅग्नेट लावताय? या चुका टाळा

१८ नोव्हेंबर हा लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचा स्थापना दिवस. तो आठवड्यावर आला की माजी सॅपर्सच्या, म्हणजे या कोअरच्या जवानांच्या, आणि त्यांच्या मुला-नातवंडांच्या गटांत गाडीला लावायच्या मॅग्नेटची (छापलेल्या चुंबकीय शीटची) धावपळ सुरू होते. मजकूर रात्री ठरतो, सकाळी दुकानात जातो आणि संध्याकाळी दीडशे नग हातात हवे असतात. मग दरवर्षी त्याच चुका होतात. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपने, म्हणजेच बॉम्बे सॅपर्सने, ज्या काळजीने सुरुंग काढले आणि पूल बांधले, त्यातली थोडी तरी त्याच्या नावाने छापलेल्या चौकोनी तुकड्याच्या वाट्याला यायला हवी.

'सर्वत्र'चा रफार

'सर्वत्र' हे इंजिनिअर्सचं ब्रीद. मॅग्नेटवर सगळ्यात मोठ्या अक्षरात हाच शब्द असतो आणि सगळ्यात जास्त वेळा चुकतोही हाच. कारण साधं आहे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये रफार हे वेगळं चिन्ह असतं आणि ते 'व' नंतर टाइप होतं. युनिकोडमध्ये मात्र र आणि हलन्त 'व'च्या आधी येतात. मजकूर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना क्रम बदलला नाही, तर रफार एक घर पुढे सरकतो आणि 'सर्वत्र'चं 'सवर्त्र' होतं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती फार जुनी असेल तर आणखी वेगळीच गत होते. जोडाक्षर जुळतच नाही, 'र'चा पाय मोडलेला दिसतो आणि 'त्र'चे दोन तुकडे पडतात.

एका माजी सैनिक मेळाव्यासाठी बारा बाय नऊ इंचांची दीडशे मॅग्नेट छापली गेली होती. संयोजकांनी मोबाइलवर जेपीजी पाहून 'ओके' कळवलं. त्या जेपीजीत शब्द बरोबरच होता. छपाईच्या मशीनवर मात्र जेपीजी गेली नाही. 'फोटो फाटतोय, मूळ फाइल पाठवा' असं दुकानदाराने सांगितलं, म्हणून कोरलची फाइल गेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे दुसरा बसला आणि रफार सरकला. चाळीसेक गाड्यांवर मॅग्नेट लागून झाल्यावर एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी ते वाचलं. दीडशेच्या दीडशे नग परत काढावे लागले. नुसतं वरचं छापलेलं व्हिनाइल सोलून नवं चिकटवायचाही प्रयत्न झाला, पण सोलताना शीट ताणली गेली, कडा वर वळल्या आणि शेवटी सगळा माल वाया गेला.

इथे दोष घाईचा होता. मंजुरी एका फाइलला मिळाली आणि छपाई दुसऱ्या फाइलची झाली. आमची सवय अशी आहे: मजकूर जुळवून झाला की सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदलायची (म्हणजे त्यांची आकृती होते, फॉन्ट लागत नाही), त्याची पीडीएफ करायची, तीच पीडीएफ मंजुरीला आणि तीच छपाईला. छपाईच्या दुकानातून त्याच पीडीएफची खऱ्या मापाची एक कागदी प्रत काढून घ्यायची. ती गाडीच्या दारावर चिकटपट्टीने लावून दहा पावलांवरून वाचायची, तीही मजकूर न लिहिणाऱ्या माणसाकडून. लिहिणाऱ्याला त्याच्या मनातला शब्द दिसतो, कागदावरचा दिसत नाही. या सगळ्याला अर्धा तास पुरतो, आणि 'अर्धा तास नाही' म्हणणाऱ्यांनी ऑर्डर पुढच्या वर्षी द्यावी.

इतिहास छापताना

बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या नावापुढे 'परमवीरचक्र (मरणोत्तर)' छापलेलं दिसलं की वाईट वाटतं. मेजर सोमनाथ शर्मांपासून अनेक परमवीरांच्या नावापुढे तो शब्द असतो, त्यामुळे हात आपोआप तो लिहून जातो. पण राणे हे जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले पहिले वीर. ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि शत्रूने आडवी पाडलेली झाडं त्यांच्या तुकडीने हटवली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात दोन सहकारी धारातीर्थी पडले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी काम थांबलं नाही, म्हणून रणगाडे पुढे जाऊ शकले. पुढे ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यात वारले. म्हणून पराक्रमाचा उल्लेख करायचा असेल तर 'सेकंड लेफ्टनंट', एकूण सेवेचा करायचा असेल तर 'मेजर'. एकाच मॅग्नेटवर दोन्ही हुद्दे घालू नका.

दुसरी चूक इंग्रजी आद्याक्षरांतून येते. बॉम्बे सॅपर्सचेच प्रेमिंद्र सिंग भगत यांच्या नावापुढे 'व्ही.सी.' पाहून कोणीतरी मराठीत 'वीरचक्र' लिहितं. तो व्हिक्टोरिया क्रॉस आहे, ब्रिटिशांचं शौर्यपदक. १९४१ च्या जानेवारीअखेरीस आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या पट्ट्यातली १५ सुरुंगक्षेत्रं साफ करून घेतली, त्यासाठी तो मिळाला. वीरचक्र सुरूच झालं २६ जानेवारी १९५० ला आणि लागू धरलं गेलं १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणजे १९४१ च्या कामगिरीला ते मिळणं शक्यच नाही. सनावळी अशी एकदा ताडून पाहिली की निम्म्या चुका तिथेच सापडतात.

'१७८० पासून' असं छापू नका. ते साल मद्रास सॅपर्सचं, म्हणजे इंजिनिअर्सच्याच दुसऱ्या गटाचं. बॉम्बे सॅपर्सचं १८२०, आणि त्यांनी द्विशताब्दी साजरी केली ती २०२० मध्ये.

'मुंबई सॅपर्स' असं भाषांतर करू नका. शहराचं नाव बदललं, गटाचं अधिकृत नाव 'बॉम्बे'च राहिलं. आणि मराठा लाइट इन्फंट्री वेगळी. ते पायदळ, त्यांचं केंद्र बेळगावला.

सिंहमुद्रेबद्दल मात्र काळजीपूर्वक वाचा. लष्करी बोधचिन्हांत वरच्या बाजूला बहुधा अशोकस्तंभाचे सिंह असतात. हे राज्यचिन्ह खासगी गाडीवर लावता येत नाही, त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. इंटरनेटवरून बोधचिन्ह उचलून जसंच्या तसं छापणारे इथेच फसतात. त्याऐवजी पूल, आडवं पडलेलं पाइनचं झाड, सुरुंग शोधणारा सॅपर असं स्वतःचं रेखाचित्र काढून घ्या. ते जास्त बोलकंही होतं. 'आर्मी' हा शब्द एकटा, मोठ्या अक्षरात नको. पाहणाऱ्याला गाडी लष्कराची वाटता कामा नये. नंबरप्लेटवर किंवा तिला झाकेल असं काहीच नको.

शीट आणि गाडीचा पत्रा

फ्रिजच्या मॅग्नेटची ०.४ मिमी शीट गाडीला लावू नका. स्वस्त पडते म्हणून लोक घेतात आणि ती महामार्गावर उडते. पुढची कड एकदा वाऱ्याने उचलली की पूर्ण तुकडा निघायला क्षणही लागत नाही, आणि मागे दुचाकीवाला असतो. गाडीसाठी किमान ०.७५ ते ०.८ मिमी जाडी हवी. कोपरे काटकोनी ठेवू नका, दहा-बारा मिमीची गोलाई द्या. कात्रीने कापलं तर कड वर वळते. धारदार कटर आणि लोखंडी पट्टी घ्या, दोन-तीन हलके हात मारून कापा. छपाईवर यूव्ही लॅमिनेशन नसेल तर लाल रंग एका उन्हाळ्यात गुलाबी होतो.

ऑर्डर देण्याआधी फ्रिजचं साधं मॅग्नेट घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. बंपर प्लास्टिकचे असतात, थारचं हार्डटॉप फायबरचं, काही गाड्यांची डिकीही पत्र्याची नसते. डेंटिंग करून जाड पुट्टी भरलेल्या जागी मॅग्नेट धरतं, पण अर्ध्या ताकदीने. स्कूटरवाल्यांपैकी व्हेस्पा आणि इलेक्ट्रिक चेतक यांचं अंग धातूचं आहे, तिथे जमतं. मॅग्नेट पूर्ण सपाट भागावरच बसवा. दाराच्या उठावाच्या रेषेवरून नेलं तर खाली हवा राहते आणि तिथूनच ते सुटायला लागतं. बॉनेट टाळाच: इंजिनाची धग आणि मे महिन्यातलं ऊन मिळून शीट मऊ पडते आणि रंगाला चिकटते.

नव्याने रंग मारलेल्या गाडीला किमान दोन महिने थांबा, तीन थांबलात तर उत्तम. रंग वरून कोरडा लागला तरी आतलं थिनर उडत असतं. वर मॅग्नेट बसलं की ते कोंडतं आणि फोड येतात. वॅक्स केलं असेल तर दोन दिवस जाऊ द्या.

'लावलं आणि विसरलो'

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मॅग्नेट खालून लोखंडाचा बारीक कीस ओढून घेतं. वेल्डिंगची दुकानं, बांधकामं, रेल्वेलगतचा रस्ता अशा ठिकाणी रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मॅग्नेटमागे पंधरा दिवसांत करडी साय जमते. गाडी हलली की हा कीस रंगावर घासतो. पावसाळ्यात भर पडते, कारण मॅग्नेटखाली शिरलेलं पाणी सुकत नाही, किसाला गंज चढतो आणि पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके उमटतात. ते पॉलिशनेही सहज जात नाहीत.

म्हणून आठवड्यातून एकदा काढायचं, पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी. एका कोपऱ्याला धरून खेचू नका, शीटला कायमची घडी पडते. दोन्ही हातांनी एक पूर्ण बाजू उचला आणि सावकाश सोडवा. थंडीत सकाळी शीट कडक असते, तेव्हा ऊन लागल्यावरच काढा. पत्रा आणि मॅग्नेटची पाठ साध्या साबणपाण्याने धुवा, वेगवेगळ्या फडक्यांनी पुसा आणि दोन्ही पूर्ण कोरडी झाल्यावर परत लावा. एकच फडकं दोन्हीला वापरलंत तर पाठीवरचा कीस तुमच्याच हाताने रंगावर घासला जाईल. सरकवून जागेवर आणू नका. चुकलं तर पूर्ण उचलून पुन्हा ठेवा. गाडी प्रेशरने धुवायला देताना आधी काढून घ्या.

वर्षभर एकाच जागी ठेवलं तर आजूबाजूचा रंग उन्हाने उतरतो आणि मॅग्नेटखालचा तसाच राहतो. मग दारावर गडद चौकोन दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी जागा बदला, किंवा कार्यक्रमापुरतंच लावा. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावतो आणि महिनाअखेर उतरवतो.

उतरवल्यावर दोन मॅग्नेटच्या काळ्या पाठी एकमेकींना लावून ठेवू नका. पाठीवर चुंबकीय पट्ट्यांची एक ठरावीक रांग असते. त्या पाठी एकमेकींवर घासल्या की ती रांग बिघडते आणि पकड कमी होते. गुंडाळायची वेळ आलीच तर छपाई बाहेरच्या बाजूला ठेवा. नाहीतर घरातल्या लोखंडी कपाटाची बाजू स्वच्छ पुसून त्यावर एकेक सपाट लावून ठेवा, ऊन न येणाऱ्या बाजूला.