मॉनिटर १४४ हर्ट्झचा, चित्र मात्र ६० वरच?
कॉम्प्युटरला १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर जोडला तरी विंडोज बरेचदा ६० वरच राहतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, स्वतः निवडा. केबल शक्यतो डिस्प्लेपोर्टची घ्या आणि ती मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावा. ही चूक फार जणांची होते.

कन्सोलचं दुखणं वेगळं. प्लेस्टेशन ५ वर फोर-के आणि १२० हर्ट्झ दोन्ही हवं असेल तर टीव्हीचं पोर्ट एचडीएमआय २.१ चंच लागतं. अनेक टीव्हींवर अशी एक-दोनच पोर्ट असतात. २.० असेल तर १२० हर्ट्झसाठी रिझोल्यूशन १०८०पी वर आणा. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर बटण दाबल्यावर हालचाल उशिरा दिसते, कारण टीव्ही आधी प्रत्येक फ्रेम सुधारत बसतो.