अमेरिकेतून लॅपटॉप आणण्याची तयारी

अमेरिकेत लॅपटॉप स्वस्त मिळतो ही समजूत निराधार नाही. तरीही दुकानातल्या पाटीवरचा आकडा आणि प्रत्यक्षात खिशातून जाणारी रक्कम यांत अंतर असते, म्हणून तयारीची सुरुवात निघण्यापूर्वी घरी बसून हिशेब मांडण्यापासून करावी. तिथल्या पाटीवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. तो न्यू जर्सीत 6.625 टक्के, न्यूयॉर्क शहरात 8.875 टक्के लागतो, तर डेलावेअर, ओरेगन, माँटाना आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत लागत नाही. सिंगापूर किंवा दुबईप्रमाणे पर्यटकांना निघताना कर परत देणारी देशव्यापी सोय अमेरिकेत नाही. भारतीय क्रेडिट कार्ड वापरल्यास बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर बहुधा 2 ते 3.5 टक्के आकार लावते. म्हणजे 1,000 डॉलरचा लॅपटॉप न्यू जर्सीत साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर घेतला, तर तो 1,100 डॉलरच्या पुढे जातो. या रकमेची तुलना भारतातल्या छापील कमाल किमतीशी न करता, सवलती वजा जाता तो इथे ज्या भावाने मिळतो त्या भावाशी करावी. ज्या व्यावसायिकांची जीएसटी नोंदणी आहे, त्यांना व्यवसायासाठी भारतात घेतलेल्या लॅपटॉपवरच्या 18 टक्के कराची वजावट मिळू शकते. परदेशी दुकानाच्या बिलावर ती मिळत नाही. त्यांनी तो सरळ इथेच घ्यावा, असे माझे मत आहे.

हिशेब जमला, तरी वॉरंटीची चौकशी होईपर्यंत खरेदीचा निर्णय पक्का करू नये. ‘आंतरराष्ट्रीय वॉरंटी’ एवढे शब्द ऐकून समाधान मानणे पुरेसे नाही. ती भारतात लागू आहे का, नेमके तेच मॉडेल भारतात विकले जाते का आणि दुरुस्तीसाठी माणूस घरी येतो की यंत्र केंद्रात न्यावे लागते, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. यांतला मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. भारतात न विकल्या गेलेल्या मॉडेलचा स्क्रीन किंवा कीबोर्ड इथल्या सेवा केंद्राकडे सहसा नसतो, आणि सुटा भाग बाहेरून येईपर्यंत यंत्र पडून राहते. सेवा केंद्र पुण्या-मुंबईत आहे एवढ्यावर न थांबता आपल्या जिल्ह्यापासून ते किती लांब आहे, हेही पाहावे. काही कंपन्यांत यंत्राची नोंद एका देशातून दुसऱ्या देशात बदलून घ्यावी लागते. हा अर्ज बिघाड होण्याची वाट न पाहता घरी परतताच करावा. दुकानदार काउंटरवर आग्रहाने विकतो ती दुकानाची स्वतःची वाढीव वॉरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते. ती घेऊ नये.

खरेदी मुक्कामाच्या सुरुवातीलाच उरकावी. माल परत घेण्याची मुदत बऱ्याच दुकानांत पंधरवड्याच्या आसपास असते, आणि तेवढ्या दिवसांत स्क्रीनवरचे मृत (न उजळणारे) ठिपके, प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, बॅटरी आणि वायफाय यांची तपासणी आरामात होते. ऑनलाइन मागणी नोंदवताना कार्डाचा भारतीय पत्ता जुळत नसल्याने पैसे नाकारले जाण्याची शक्यता असते, म्हणून प्रत्यक्ष दुकानात जाणे सोयीचे. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. वापरलेला लॅपटॉप घ्यायचा असेल, तर तो एखाद्या कार्यालयाच्या दुरून चालणाऱ्या नियंत्रणाला जोडलेला किंवा पासवर्डने बंद केलेला नाही, याची खात्री यंत्र समोर चालू करून घ्यावी. कीबोर्डची काळजी अमेरिकेत नाही, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांची मांडणीही तीच असते. जर्मनीत मात्र वाय आणि झेड या अक्षरांची जागा अदलाबदल केलेली आढळते.

सीमाशुल्काबाबत नियम सोपा आहे, पण त्यात पळवाटा शोधू नयेत. 18 वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला सोबतच्या सामानात एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. विमानातील कर्मचाऱ्यांना ही सूट नाही. सूट लॅपटॉपला आहे, डेस्कटॉपला नाही. भाच्यासाठी घेतलेला दुसरा लॅपटॉप सामान्य शुल्कमुक्त मर्यादेत मोजला जातो, त्यावरील रकमेवर शुल्क भरावे लागते, आणि ही मर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने निघण्यापूर्वी ताजा नियम पाहावा. जुना लॅपटॉप भारतातून नेणार असाल, तर जातानाच विमानतळावरील कस्टम कार्यालयाकडून त्याच्या अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना तो नवा समजला जाणार नाही. ‘कुरिअरने पाठवून दे’ हा नातेवाइकांचा सोपा वाटणारा पर्याय टाळावा, कारण ही सूट सोबतच्या सामानापुरतीच आहे; कुरिअरने आलेल्या यंत्रावर शुल्क लागते. विमानात लॅपटॉप हातातल्या बॅगेतच ठेवावा. 100 वॉट-तासांपर्यंतच्या (वॉट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागत नाही. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत चालत नाही.

घरी आल्यावर पहिले काम चार्जरवरची बारीक अक्षरे वाचण्याचे. अमेरिकेत वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ आणि आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असते. चार्जरवर ‘100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असे छापलेले असेल, आणि आजच्या जवळपास प्रत्येक लॅपटॉपच्या चार्जरवर ते असते, तर ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. जुन्या डेस्कटॉपच्या मागे मात्र 115 आणि 230 असे आकडे असलेला लाल खटका असू शकतो. तो 230 वर सरकवल्याशिवाय पिन बोर्डात घालू नये. अमेरिकी चपटी पिन आपल्या बोर्डात सैल बसते आणि हलली की ठिणगी उडते, त्यामुळे बाजारात मिळणारा स्वस्त कन्व्हर्टर लावण्यापेक्षा चार्जरची भिंतीकडची वायर काढून त्याच तोंडाची, आयएसआय खूण असलेली तीन पिनांची वायर घ्यावी. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर धातूच्या लॅपटॉपला हात लावला की चार्जिंग चालू असताना बोटांना झिणझिण्या जाणवतात. तिसऱ्या पिनेने आणि घरातले अर्थिंग ठीक असल्यास ही तक्रार सहसा राहत नाही. एवढे करूनही घरचे वायफाय दिसत नसेल, तर राउटरचा चॅनेल, म्हणजे तो ज्या लहरपट्ट्यावर चालतो त्याचा क्रमांक, तपासावा: आपल्याकडे चालणारे 12 आणि 13 हे चॅनेल अमेरिकेत सर्वसाधारणपणे वापरात नाहीत, आणि तिथल्या बाजारासाठी बनवलेल्या लॅपटॉपला ते दिसले नाहीत तर राउटर 1, 6 किंवा 11 वर आणावा.