मातीचं छोटं धरण आणि त्याचा तलाव: या चुका टाळा

तलावावर फिरायला आलेला माणूस पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. साहजिक आहे, बघण्यासारखं तिथेच असतं. पण धरणाची तब्येत त्याच्या पाठीमागे कळते: कोरड्या उतारावर, पायथ्याशी, सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या, तोंडाशी. मी कुठल्याही तलावावर गेलो की आधी मागे उतरून येतो, मग पाणी बघतो. कारण छोट्या मातीच्या धरणावर होणाऱ्या बऱ्याचशा चुका निष्काळजीपणाने होत नाहीत. तलाव छान दिसावा, भरलेला राहावा, मासे टिकावेत अशा चांगल्या हेतूनेच त्या केल्या जातात.

सांडव्याला जाळी, सांडव्यावर फळ्या

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तलावात मासे सोडले की कुणाला तरी वाटतं, पूर आला की ते सांडव्यातून वाहून जातील, जाळी लावू या. दुसऱ्याला वाटतं, पाणी आणखी फूटभर चढलं तर होड्या काठापर्यंत येतील, फळ्या नाहीतर वाळूची पोती टाकू या. वर्षभर काहीच बिघडत नाही. मग एका रात्री मोठा पाऊस येतो, पालापाचोळा आणि फांद्या जाळीला अडकतात, आणि पाणी मोकळी वाट सोडून बांधाच्या माथ्याकडे चढू लागतं.

काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी गेलं तर ते निभावून जाऊ शकतं. मातीचं नाही. माथ्यावरून वाहणारं पाणी मागच्या उतारावरची माती सोलत जातं, घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत येते, आणि एकदा माथा तुटला की तलाव थांबत नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण याचं धडधडीत उदाहरण. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं हे मातीचं धरण पुढे एका श्रीमंत शिकार आणि मासेमारी क्लबने तलावासाठी घेतलं. क्लबने सांडव्यावर मासे अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या आणि बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली उतरवला. तळाशी पाणी सोडायचे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, ते पुन्हा बसवलेच नाहीत. 31 मे 1889 रोजी पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं, आणि खाली जॉन्सटाउन व आसपास 2,209 माणसं मेली. चुका मोजल्या तर आजही छोट्या तलावांवर होतात त्याच आहेत.

मासे अडवायचेच असतील तर तलावाच्या आत, सांडव्यापासून दूर काय करता येईल ते बघा. सांडव्याच्या तोंडात काहीही नको.

माथा सपाट आहे असं डोळ्यांना वाटतं, तोही तपासा. भराव वर्षानुवर्षं दबतो, आणि तो बांधाची उंची जास्त असते तिथे, म्हणजे बहुधा मध्यभागी, जास्त दबतो. त्यात वर पायवाट पडली की तिथे आणखी खोलगट होतं. सांडवा कितीही मोठा असला तरी बांधाची खरी उंची त्या सखल जागेइतकीच. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोघांनी तासाभरात माथा मोजता येतो.

बांधावर सावली

सावलीसाठी झाडं काठावर लावा, बांधावर नको. मुळं ओलाव्याच्या मागे खोल जातात. झाड उभं असेपर्यंत ती माती धरून ठेवतात असं वाटतं, पण झाड मेलं की मुळं कुजतात आणि आत पोकळ वाटा उरतात. वादळात झाड उन्मळलं तर मुळांसकट बांधाचा लचका जातो. शिवाय झुडपांच्या आड बिळं, भेगा आणि पाझर दिसत नाहीत, आणि माझ्या मते हेच नुकसान सगळ्यात मोठं. बांधावर फक्त कापलेलं, दाट गवत हवं.

पण आता हे वाचून कुऱ्हाड घेऊन निघू नका. रोप आणि झुडूप काढणं ठीक. बुंधा जाड झालेलं जुनं झाड मुळांसकट उपटायचं तर भरलेल्या तलावाच्या बांधात खड्डा पडतो. असं काम पाणी खाली आणून, जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली, आणि खड्डा थराथराने धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट करत, भरूनच करायचं.

बिळांचंही तसंच. 2019 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि त्यावर बरंच हसू झालं. बिळं ही बाब क्षुल्लक नाही, त्यांच्यामुळे पाण्याची बांधातली वाट आखूड होते. पण बिळं एका रात्रीत होत नाहीत. ती दिसायला कुणीतरी उतारावर फिरावं लागतं, हाच मुद्दा आहे.

ओल दिसली की घाबरणं, किंवा दुर्लक्ष करणं

मातीचं धरण थोडं पाझरतंच. पूर्ण कोरडा पायथा फार कमी ठिकाणी सापडतो. तेव्हा पाझर आहे की नाही हा प्रश्न नाही. विचारायचं ते हे: किती आहे, वाढतोय का, आणि पाणी स्वच्छ आहे का?

स्वच्छ, रोज तेवढाच पाझर म्हणजे नोंद ठेवायची गोष्ट. पायथ्याची चर जिथे बाहेर पडते तिथे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेली पट्टी बसवली की पाण्याची उंची मोजून वहीत लिहिता येते. शेजारी त्या दिवशीची तलावाची पातळीही लिहा. पातळी तीच आणि पाझर वाढला, तर कारण शोधा. पाझर गढूळ झाला तर मात्र वही बाजूला ठेवा. गढूळ म्हणजे पाणी आतून माती वाहून आणतंय, बांधात बोगदा तयार होतोय. आयडाहोतल्या टीटन धरणावर 5 जून 1976 रोजी सकाळी गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटलं. ते छोटं नव्हतं, पण आतून झिजण्याची तऱ्हा छोट्या बांधातही तीच.

इथे एक मजेशीर चूक बघायला मिळते. बांधाचा मागचा उतार हिरवागार दिसावा म्हणून त्यावर तुषार सिंचन लावतात. मग ओल पाझराची की फवाऱ्याची, हे कुणालाच सांगता येत नाही. दिव्यांच्या केबलसाठी माथ्यावर चर खणणं, पायथ्याची माती बागेसाठी उचलणं, पायथ्याशी शोभेचं डबकं काढणं ही त्याच घराण्यातली कामं. पायथा म्हणजे बांधाचा टेकू, तिथली माती उचलायची नाही.

मोरी विसरणं

तळातून पाणी सोडणारी मोरी आणि तिची झडप वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही, कारण तलाव रिकामा करायचा नसतो. मग गरज पडते तेव्हा झडप गंजून बसलेली असते. वर्षातून एकदा तरी ती उघडून बंद करा, आणि पाणी बाहेर पडतं ते तोंड तेव्हाच बघा.

पाइपभोवतीची माती हा बांधाचा नेहमीचा कच्चा दुवा, कारण गोल पाइपच्या खालच्या कुशीत धुमसणी नीट होत नाही. पाइपाचा सांधाच गळत असेल तर दाबाचं पाणी थेट भरावात शिरतं. कोलोरॅडोतलं जेमतेम 26 फूट उंचीचं लॉन लेक धरण 15 जुलै 1982 रोजी फुटलं ते पाइप आणि झडप यांच्या सांध्यातलं शिसं झिजून झालेल्या गळतीमुळे, असा निष्कर्ष निघाला. तीन माणसं गेली.

झडप चालू आहे म्हणून ती सगळी खोलून तलाव झपकन उतरवणं ही दुसऱ्या टोकाची चूक. पाणी खाली जातं, पण भिजलेल्या मातीतलं पाणी तितक्या वेगाने निघत नाही. बाहेरचा आधार गेलेला तो जड उतार मग तलावाकडे घसरतो. साधारण नियम दिवसाला अर्धा ते एक फूट, त्याहून वेगात फक्त आणीबाणीत. आणि झडप उघडायच्या आधी पोहणाऱ्यांना बाहेर काढा. पाण्याखालच्या मोरीच्या तोंडाशी ओढ इतकी असते की अडकलेला माणूस स्वतःला सोडवू शकत नाही. मोरी आणि सांडव्यापासून लांबवर तरंगत्या बोयांची रांग कायम हवी.

होड्यांबद्दल थोडक्यात: धक्का बांधावर ठोकू नका, काठावर करा. मोटारहोडीच्या लाटा बांधाच्या पाण्याकडच्या बाजूला पायरीसारखा कडा पाडतात; दगडी पिचिंग, म्हणजे उतारावरचं दगडांचं अस्तर, निसटलं असेल तर आधी ते बसवा, मग मोटारी आणा.

गळती सुरू झाल्यावरच्या चुका

पहिली: जिथे पाणी बाहेर पडतंय तिथे चिकणमातीचा बोळा कोंबणं. आतला दाब तसाच राहतो आणि पाणी शेजारून फुटतं. बाहेरच्या तोंडावर आधी जाड वाळू, वर बारीक खडी, वर मोठी खडी टाकायची. त्यामुळे पाणी निघतं, माती अडते. तलावात भोवरा दिसत असेल तर बंद करायचं तोंड ते, तिकडच्या बाजूने.

दुसरी: पाणी कमी करायला बांधच कापणं. कापलेली वाट तुम्ही ठरवलेल्या रुंदीची राहत नाही. मोरी उघडा, सायफन लावा, पंप लावा.

तिसरी: खालच्या वस्तीला कळवायला उशीर करणं, उगीच घबराट नको म्हणून. खाली कोण राहतं, कुणाला आधी उठवायचं, ही यादी गळती सुरू झाल्यावर करता येत नाही. ती आधीच लिहून मोरीच्या किल्लीशेजारी टांगा, आणि दर वर्षी पावसाआधी प्रत्येक नंबर लावून बघा. एखादा तरी बदललेला असतोच.